गोदाबाईस ऐकू जाईल असा करारनामा

दि. २ फेब्रुवारी १९६६, सकाळी ८

स्वयंपाकाची गोदाबाई घर सोडून गेल्याला आज दहा दिवस झाले. मला काहीही वाटत नाही. ही नोंद केवळ रेकॉर्डसाठी.

हकीकत येणेप्रमाणे. माझी पत्नी कै. सत्यभामा हिचा पितळी अडकित्ता, मोराच्या आकाराचा, ता. २३ जानेवारी रोजी पानाच्या डब्यात आढळला नाही. घरात माणसे दोन. त्यांपैकी एक मी. सबब चोर कोण, हे चौथी पास मनुष्यास सांगावे लागत नाही. (आमच्या वेळची चौथी. तिरोड्याच्या शाळेत १९०८ साली मी पहिला आलो होतो.) मी गोदाबाईस तसे स्पष्ट सांगितले. पुनारामच्या किराणा दुकानासमोर सांगितले, कारण त्या वेळी ती तेथे गूळ घेत होती.

अकरा वर्षे माझ्या घरी राहून, माझ्याच चुलीवर स्वयंपाक करून, ही बाई चारचौघांत मला म्हणाली, "मुनशीजी, पाच मानसांत आळ घेतला तुमी. खोटा निघाला त पाच मानसांतच माफी मांगा लागन." मी उत्तर दिले की, मी अडतीस वर्षे बालाघाटच्या कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले, त्यांत माफीचेही लिहिले, परंतु दुसऱ्यांचे.

तिने ट्रंक उचलली, रस्ता ओलांडला आणि समोर शालिकराम गुरुजींच्या घरी राहावयास गेली. त्याने ठेवून घेतली.

निश्चय: सूड. पोलीस नको, कोर्ट नको. तेथे तारखा पडतात. गोदाबाई स्वतः येईल, माझ्या ओट्याच्या खालच्या पायरीवर उभी राहील आणि "मले परत ठेवा जी" म्हणेल. मी म्हणेन, "विचार करून कळवू." मग विचारासाठी दोन दिवस घेईन.

एक दिवसही पुरेल.

दि. ४ फेब्रुवारी, दुपारी १

भात करणे सोपे आहे, ही गोष्ट बायका लपवून ठेवतात. आज केला. तांदूळ चिन्नोरचा, पातेले घासलेले, सर्व काही यथासांग. खालचा करपला, वरचा कच्चा राहिला. मधला मी खाल्ला.

शालिकरामास नोटीस धाडली. "आपण आमच्या घरातील माणूस फूस लावून नेले, सबब आठ दिवसांत परत करावे, न केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल." रजिस्टर पोस्टाने पाठवली. मधला रस्ता बारा पावलांचा आहे, परंतु पद्धत ती पद्धत.

दि. ९ फेब्रुवारी

नोटीस परत आली. शालिकरामाने तीत लाल शाईने अकरा चुका काढल्या आहेत. खाली शेरा: "अक्षर वळणदार. मजकूर शांतपणे विचार करून पुन्हा लिहावा. दहापैकी सहा." हा मनुष्य हेडमास्तरकीतून रिटायर होऊन आठ वर्षे झाली, तरी लाल दौत कोरडी होऊ देत नाही.

अकरांपैकी चार चुका ह्या चुका नाहीत.

नागपूरचे वर्तमानपत्र आम्ही दोघे मिळून घेत होतो. सकाळी मी वाचावे, दुपारी त्याने. ते आजपासून बंद. जगात काय चालले आहे ते मला ठाऊकच आहे.

दि. १६ फेब्रुवारी

चि. खेमराजचे भिलाईहून पत्र. गोदाबाई गेल्याचे त्यास कोणी कळवले, याचा तपास करावयाचा आहे. लिहितो की, "बाबा, पाडव्याच्या आत घरात राहणारे माणूस ठेवा. नाही ठेवले तर मी येऊन घराला कुलूप लावतो आणि तुम्हाला क्वार्टरवर आणतो."

क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. त्यास ओटा नाही. ज्या घरास ओटा नाही, त्या घरात मनुष्य बसतो कोठे आणि पाहतो कोणाकडे?

पाडवा २३ मार्चला आहे. भरपूर अवकाश आहे.

दि. २० फेब्रुवारी, सकाळी १०

सुचले!

पुनाराम म्हणाला, किरनापूरची जिजाबाई म्हणून एक विधवा बाई आहे, राहून काम करावयास तयार आहे, पण "बोलीची पक्की हाय". मी म्हणालो, बोलीची काय, मी कागदाचा पक्का आहे. शेतावरचा सालदार पाडवा ते पाडवा बांधलेला असतो. मध्येच त्याला जाता येत नाही, मालकास काढता येत नाही. घरकामाच्या बाईस असा कागद या बालाघाटात आजपर्यंत कोणी करून दिलेला नाही. तो मी करून देणार.

आणि त्यातील एकेक कलम असे घालणार की, समोरच्या घरात बसून गोदाबाईने ते ऐकावे आणि तिचे काळीज जळावे. जे जे मी तिला अकरा वर्षांत दिले नाही, ते ते सर्व जिजाबाईस देणार. याहून मोठा सूड मला ठाऊक नाही.

दि. २८ फेब्रुवारी

जिजाबाई येऊन बोलणी करून गेली. वय चाळिशीपुढचे. बोलते कमी, ऐकते फार. अक्षरओळख नाही. मी मनात म्हणालो, उत्तम.

बसल्याबरोबर तिने कमरेची सुतळी काढून मांडीवर ठेवली. मी विचारले, हे काय? म्हणाली, "माह्या घरचे सालदार होते जी. चैतराम नाव. मालकानं तोंडानं म्हनलं, घोंगडं देतो, धान देतो. पाडवा आला त म्हने, मी कवा म्हनलो? तवापासून कोनी काही कबूल केलं का मी गाठ मारते. कागदाले उधई लागते, गाठीले लागत नाही."

मी तिला समजावले की, माझ्या कागदाला आजवर वाळवी लागलेली नाही. तिने मान डोलावली आणि पहिल्या कलमाला, म्हणजे पाडवा ते पाडवा या मुदतीला, पहिली गाठ मारली.

पगार महिना पंधरा रुपये व जेवणखाण, वर्षाला दोन लुगडी, तंबाखू वेगळी. कबूल. चहा दोन वेळा, कपबशीत, साखर घालून. (गोदाबाईस मी गुळाचा देत होतो. साखर मिळते कोठे? पण कलम घातले.) पोळ्याला पाच दिवस माहेरची सुटी. कबूल. तिला "ए" किंवा "अगे" म्हणून हाक न मारता जिजाबाई म्हणावे. कबूल. घरातली गोष्ट तिने बाहेर बोलू नये, हे सहावे कलम मी माझ्या बाजूने घातले.

जेवणाविषयी तक्रार मालकाने महिन्यातून एकदाच करावी, हे बारावे. ते माझे मीच सुचवले. गोदाबाई जाताना म्हणाली होती की, अकरा वर्षांत एक जेवण तुमच्या तोंडून नावाजले गेले नाही. आता ऐक म्हणावे.

चौथे कलम शालिकरामासाठी. मुदतीच्या आत जो कोणी तिसरा इसम ही बाई फूस लावून नेईल, त्याने पाडव्यापर्यंत दोन्ही वेळचे जेवण आपल्या घरून शिजवून मूळ मालकास पोचते करावे. हे कलम लिहिल्यावर मी स्वतःशीच हसलो.

सतराव्यावर मात्र जिजाबाई अडली. म्हणाली, "गोदाबाईचं ऐकलं मी. माह्यावर खोटा आळ घेतला त पाच मानसांत माफी मांगा लागन. हे लिहा, नाही त मी चालली." मी क्षणभर विचार केला आणि लिहिले. ज्याने चूक केली नाही, त्यास माफीचे कलम लिहावयास भीती कसली? उलट हे कलम ऐकून गल्लीला कळेल की, महागू हटवार खोटे ठरल्यास माफी मागणारा मनुष्य आहे. ज्या अर्थी त्याने गोदाबाईची मागितली नाही, त्या अर्थी तो खोटा नव्हता.

एकोणिसावे, शेवटचे: मुदतीआधी मालकाने काढल्यास वर्षाचा सर्व पगार देऊन, वर पाडव्यापर्यंत राहावयास खोली द्यावी.

एकोणीस कलमे, एकोणीस गाठी. सुतळी तिने स्वयंपाकघरातील खुंटीस टांगली.

दि. २३ मार्च, गुढीपाडवा, सकाळी ११

वाचन झाले. मी काळा कोट घालून ओट्यावर उभा राहिलो. खेमराजला कार्ड टाकले की, माणूस मिळाले, येण्याची तसदी घेऊ नये. गल्लीतले पंधरावीस लोक जमले. नथ्थू न्हावी एकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आला. समोरच्या ओसरीत गोदाबाई सुपात तांदूळ निवडत होती. शालिकरामाची बायको विमलाबाई गुडघ्याला तेल लावीत शेजारी बसली होती.

मी मोठ्याने, सावकाश, प्रत्येक कलम समोर पाहून वाचले. चहाचे दोनदा वाचले. "साखर घालून" तीनदा.

जिजाबाईने मध्येच विघ्न आणले. म्हणाली, "मुनशीजी, इकडं तोंड करून वाचा ना जी. करार माह्यासंगं हाय का समोरच्या घरासंगं?" लोक हसले. अशिक्षित समाज.

तथापि सतरावे कलम वाचले तेव्हा मी नीट पाहिले. गोदाबाईचा सुपातला हात थांबला. ती माझ्याकडे पाहत राहिली. बाण लागला.

आता ती येईल. आठवडाभर धरू.

दि. २ एप्रिल

विजय. शालिकराम स्वतः ओट्यावर आला. दोन महिन्यांनी! खालच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "महागूजी, तुमच्या कागदाची एक नक्कल द्या. मी आयुष्यभर निबंध तपासले, पण इतका पक्का मसुदा पाहिला नाही. दहापैकी दहा."

मी विचार करून कळवू असे म्हणणार होतो, पण तोपर्यंत बोरू हातात आला होता. चांगल्या जाड कागदावर नक्कल करून दिली. नावाची जागा त्याने कोरी सोडावयास सांगितली. सोडली.

दहापैकी दहा. तिरोड्यास असताना मला भूगोलात नऊ होते.

दि. ९ एप्रिल, सायंकाळी ५

कोऱ्या जागेत शालिकरामाने गोदाबाईचे नाव भरले आहे.

पुनारामने पोट धरून सांगितले. "मुनशीजी, तुमच्याच कागदानं गोदाबाई पक्की झाली का नाही? साखरेचा चहा पिऊन राह्यली दोन टाइम. कपबशीत!" चौथे कलमही जसेच्या तसे. पुढच्या पाडव्यापर्यंत तिला फूस लावणाऱ्याने शालिकरामाच्या घरी दोन्ही वेळचे जेवण पोचवावयाचे आहे.

फूस लावणारा म्हणजे कोण, हे मी पुनारामास विचारले नाही. त्याने न विचारता सांगितले.

दि. १२ एप्रिल

हरकत नाही. सूड लांबला, चुकला नाही. पाडव्याला बांधलेले माणूस पाडव्याला सुटते. तोवर तिला माझ्या घरातील सुख रोज दिसत राहील. मी ओट्यावरील खुर्ची समोरच्या बाजूस फिरवून घेतली आहे. उजेड बरा मिळतो.

दि. २१ एप्रिल

वकिलांची सीता, बसस्टँडजवळच्या डॉक्टरांची शेवंताबाई आणि आणखी एक, अशा तीन बाया "मुनशीजीचा कागद" मागावयास आल्या. लिहून दिले. नाही कसे म्हणणार? शेवंताबाई म्हणाली, "तुमच्यासारका गरिबाचा वाली नाही जी." दुपारी डॉक्टर रस्त्यात भेटले, त्यांनी नमस्कार घेतला नाही.

मी गरिबाचा वाली नाही. मी सूड घेत आहे. परंतु हे त्यांना कसे सांगावे?

दि. १ मे

पहिली तारीख. सकाळीच तक्रार केली: पोह्यात मोहरी जळली. दुपारच्या वरणात खडा लागला, दाढेत कळ गेली. तोंड उघडले. जिजाबाईने मागे न पाहता खुंटीवरच्या सुतळीतील बारावी गाठ चिमटीत धरली. तोंड मिटले.

निश्चय: पुढील महिन्यापासून तक्रार जपून वापरायची.

दि. ३० जून

पूर्ण महिना तक्रार केली नाही. एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी शिल्लक ठेवली होती. भेंडी, कारले, करपलेली भाकर, सर्व गिळले. आज शेवटचा दिवस आणि कशाची करावी याचा निर्णय होईना. सायंकाळी जिजाबाईस विचारले की, जूनची तक्रार जुलैत धरता येईल काय. म्हणाली, "कागदात पुढं ढकलाचं लिहलं हाय का जी?"

लिहिलेले नाही. माझीच नजरचूक.

दि. ८ ऑगस्ट

समोर आज जवस भाजले. चटणीचा वास रस्ता ओलांडून येतो. जिजाबाई जवसाची चटणी करते, पण भाजते कमी. गोदाबाई जवस काळपट होईपर्यंत भाजून लसूण शेवटी टाकीत असे. मी तिला दर वेळी म्हणत असे की, जळकी झाली.

खुर्ची थोडी रस्त्याकडे सरकवली. उजेडासाठी.

दि. १५ सप्टेंबर, दुपारी २

पोळा. जिजाबाई नवव्या कलमान्वये किरनापूरला गेली आहे. पाच दिवस. पाच दिवस मुरमुऱ्यांवर काढता येतात. लष्करात याहून वाईट असते.

आज तिसऱ्या दिवशी शालिकराम आला. म्हणाला, "महागूजी, सणाचे दिवस. चार घास खायला या." मी सांगितले, माझा उपास आहे. कसला, म्हणाला. मी म्हणालो, खासगी.

थोड्या वेळाने विमलाबाईने झाकलेले ताट पाठवले. झाकण उघडले. पुरणपोळी, कढी, वडे आणि कडेला जवसाची चटणी. चटणी कोणाच्या हातची हे ओळखण्यासाठी ती चाखणे आवश्यक होते. खात्री होण्यास संपूर्ण ताट तपासावे लागले.

गोदाबाईच्या हातची होती. नोंद घेतली.

दि. १० ऑक्टोबर, सकाळी १०

दसरा जवळ आला, म्हणून जुन्या कागदांचे फडक्यात बांधलेले बस्ते उन्हात घातले. कागदाला कसर लागते. तेरावे कलम असे की, बस्ते मालकाच्या समक्षच सोडावे. म्हणून मी खुर्ची टाकून बसलो. जिजाबाईने "सालदारी, सन १९६५" अशी चिठ्ठी असलेल्या बस्त्याची लाल फडकी सोडून झटकली.

अडकित्ता पडला.

ओट्याच्या दगडावर पडून वाजला. मोर. पितळी.

आता स्मरते की, जानेवारीत मी हा बस्ता काढला होता. वारा होता. कागद उडू नयेत म्हणून त्यावर काहीतरी वजन ठेवले होते. ते काय ठेवले होते हे मात्र स्मरत नाही. ते स्मरते.

जिजाबाई उठली. आत गेली. मी डोकावून पाहिले. खुंटीजवळ उभी राहून ती सतरावी गाठ चिमटीत धरून होती.

मी तिला समजावून सांगितले की, सतरावे कलम हे माझ्या व तिच्या दरम्यान आहे. गोदाबाईचा या कागदाशी कायद्याने काही संबंध नाही. म्हणाली, "हौ जी. तुमचंच बरोबर." मी म्हणालो, शिवाय सहावे कलम आहे, घरातली गोष्ट बाहेर बोलू नये. म्हणाली, "मी कायले बोलते जी? मी मुकी."

दि. ११ ऑक्टोबर

बोलली नाही. दुपारी ओट्यावर बसून त्या अडकित्त्याने सुपारी कातरली. भर उन्हात. समोर तोंड करून. मोराच्या पाठीवर ऊन पडून पलीकडच्या भिंतीवर कवडसा नाचत होता.

मी म्हणालो, आत बसून कातर. म्हणाली, "कोनत्या गाठीत हाय जी?"

दि. १२ ऑक्टोबर, सकाळी ९

अडकित्ता रुमालात बांधून वैनगंगेवर गेलो. पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे, परंतु ही फिर्याद कोणी केलेलीच नाही.

परत आणला. पाणी फार गढूळ होते; वस्तू नीट बुडाली की नाही हे दिसले नसते. शिवाय मोराच्या चोचीला एक खाच आहे. सत्यभामेने एकदा रागाने तो माझ्या दिशेने फेकला होता, तो उंबरठ्यावर लागला. मी म्हणालो होतो, नेम चुकला. ती म्हणाली, मारायचा नव्हता.

असो.

दि. १५ ऑक्टोबर

गोदाबाईने पाहिले आहे. अकरा तारखेसच पाहिले. रोज पाहते. ओसरीत बसते, सूप मांडीवर, आणि अडकित्त्याकडे पाहते, मग माझ्याकडे, मग तांदळाकडे. एक शब्द नाही. रस्त्यात कोणाजवळ नाही, पुनारामच्या दुकानात नाही. मी तिघांना आडून विचारून पाहिले.

हा सूड आहे. मी नऊ महिने डोके चालवले, हा मला सुचला नाही.

दि. १८ ऑक्टोबर

दोन दिवस जेवण जात नाही. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही.

शेवटचा डाव ठरला. मी माफी मागणार. परंतु अशी परिपूर्ण, अशी मुद्देसूद, अशी शिक्षित मनुष्यास शोभेल अशी लेखी माफी मागणार की, गोदाबाईच लाजेल. पाच पंचांसमक्ष ती रडेल आणि म्हणेल, "चला जी घरी." मग शालिकरामाची ओसरी रिकामी. म्हणजे माफी ही माफी नसून चढाई आहे.

मसुदा तयार. अकरा परिच्छेद. स्टँपपेपरवर.

दि. २० ऑक्टोबर, दुपारी १२

काळा कोट घालून बारा पावले चाललो. पाच माणसे: शालिकराम, विमलाबाई, पुनाराम, नथ्थू आणि जिजाबाई. अडकित्ता मी स्वतः पाटावर मधोमध ठेवला. गोदाबाई कोपऱ्यात वांगी चिरीत होती. उठली नाही.

मी वाचावयास प्रारंभ केला. "मी, महागू वल्द डोमाजी हटवार, वय वर्षे सत्तर, जात कोष्टी, धंदा अर्जनवीस, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो की..." दुसऱ्या परिच्छेदात नथ्थूने जांभई दिली. तिसऱ्यात गोदाबाईने विळी बाजूस सारली आणि म्हणाली, "मुनशीजी, आळ घेतला तवा कागद होता का हातात?"

मी म्हणालो, नव्हता.

म्हणाली, "मग आता काहून? ठेवा तो. तोंडानं बोला."

कागद घडी केला. खिशात जात नव्हता, कोटाचा खिसा शिवलेला आहे हे मी विसरलो होतो. शालिकरामाने तो हातातून घेतला. पुढे काय बोलावयाचे होते, ते सर्व कागदात होते. अकरा वर्षांत मी या बाईशी कागदाशिवाय बोललो नव्हतो असे नाही. पण काय बोललो होतो? मीठ कमी. मीठ जास्त. दिवा लाव.

मी म्हणालो, "चुकलं माझं, गोदाबाई."

डावपेचाचा भाग म्हणून म्हणालो.

कोणी हसले नाही. पुनारामसुद्धा नाही. गोदाबाईने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "झालं जी. एवढंच पाह्यजे होतं. बसा." मग अडकित्ता उचलला, सुपारी कातरली, पान लावून माझ्यासमोर धरले. चुना कमी, कात जास्त, लवंग टोचलेली. कोणास सांगावे लागले नाही.

मी योग्य क्षण साधला. म्हणालो, तुझी खोली तशीच आहे. जिजाबाई पुढच्या बाजूस राहते.

ती म्हणाली, "आली असती जी. गुरुजीचा कागद हाय ना पाडव्यापर्यंत. तुमीच त लिहला."

मी म्हणालो, कागदाचे मी पाहून घेतो. अडतीस वर्षे कागदातून वाट काढण्याचेच काम केले आहे.

शालिकराम म्हणाला, "अवश्य पाहा." आणि मूळ प्रत काढून दिली. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हते. लाल शाईचा मनुष्य.

दि. २२ ऑक्टोबर, दुपारी १

दोन दिवस बसून दोन्ही कागद वाचले. सर्व कलमे. पुढून मागे, मागून पुढे.

पहिल्या कलमाप्रमाणे पाडव्याआधी गोदाबाईस येता येत नाही. चौथ्याप्रमाणे मी आणल्यास मला शालिकरामाच्या घरी दोन्ही वेळचे जेवण पोचवावे लागेल. ते शिजवणार गोदाबाईच, म्हणजे तो तिथे बसूनच तिच्या हातचे जेवेल आणि धान्य माझे. एकोणिसाव्याप्रमाणे जिजाबाईस वर्षाचा पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. ती जाणार नाही, काल विचारले, तर म्हणाली, "मले इथं बरं वाटून राह्यलं." पळवाट शोधली. नाही. मसुदा निर्दोष आहे. दहापैकी दहा हे योग्यच होते.

शालिकरामाने वर्तमानपत्र पुन्हा मिळून घेऊ असे कळवले आहे. सकाळी त्याने वाचावे, दुपारी मी. उलट का, हे विचारले नाही.

पाडव्याला साडेपाच महिने आहेत.

आज दुपारच्या वरणाला मीठ नव्हते. या महिन्याची तक्रार दोन तारखेसच करून झाली आहे.